‘यू’ म्हणजे तू की तुम्ही? डबिंग-सबटायटलच्या कंपनीतलं मराठी काम

मराठी डबिंग आणि सबटायटलचं काम करणाऱ्या कंपनीत नवी मालिका आली की अनुवाद सुरू होण्याआधी एक तक्ता करावा लागतो. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेतही तीच पात्रं, आणि प्रत्येक चौकोनात एकच शब्द: तू, तुम्ही किंवा आपण. सून सासऱ्यांना काय म्हणते, पोलीस संशयिताला काय म्हणतो, नायक-नायिका ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कुठल्या भागात येतात आणि त्या प्रसंगाचा टाइमकोड (तो नेमका कुठल्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेमला येतो तो आकडा) काय, हे सगळं त्यात येतं. दहा भागांची मालिका तीन अनुवादकांत वाटलेली असते. तक्ता नसेल तर तिसऱ्या भागापर्यंत बॉसला ‘सर, तुम्ही’ म्हणणारी मुलगी चौथ्या भागात त्याला ‘तू’ म्हणायला लागते, आणि प्रेक्षकाला वाटतं, आपला मधला एखादा भाग चुकला की काय!

ही वेळ येते इंग्रजीमुळे. कोरियन, तुर्की, स्पॅनिश मालिका सहसा थेट मराठीत येत नाहीत. आधी त्यांच्या इंग्रजी सबटायटल्स होतात, त्यांचे टाइमकोड पक्के होतात आणि तीच फाइल ‘टेम्प्लेट’ म्हणून बाकीच्या भाषांकडे जाते. कोरियनमध्ये मान क्रियापदाच्या शेवटात असतो, तुर्कीत ‘सेन’ आणि ‘सिझ’ वेगळे, स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ वेगळे. मराठीतही हा भेद आहे. पण मधल्या इंग्रजी मुक्कामात सगळ्यांचा ‘यू’ होतो आणि जे मुळात होतं ते मराठी माणसाला नव्याने शोधत बसावं लागतं. म्हणून नुसती टेम्प्लेट वाचून काम करू नये, आवाज ऐकावा. कोरियन येत नसलं तरी वाक्याच्या शेवटी ‘यो’ किंवा ‘निदा’ ऐकू आलं की मान आहे एवढं कळतं. ते ऐकू येणं बंद झालं, तर एक तर जवळीक वाढली आहे किंवा भांडण पेटलं आहे.

अर्थात कोरियन मान जसाच्या तसा उचलला तरी मराठी बिघडतंच. एकाच वयाचे, एकाच ऑफिसातले दोन सहकारी कोरियनमध्ये एकमेकांशी मानाने बोलतील; मराठीत ते ‘तुम्ही-तुम्ही’ करायला लागले तर १९५० सालचं कारकुनी ऑफिस वाटतं. आणि आपल्याकडे आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणणारी घरं आहेत, दोघांनाही ‘तू’ म्हणणारीही आहेत. श्रीमंत सोलमधल्या घरातली मुलं वडिलांना काय म्हणतील हा प्रश्न मराठीतच सोडवावा लागतो. ‘ओप्पा’ ही तर कायमची डोकेदुखी. मुलगी मोठ्या भावाला ओप्पा म्हणते आणि प्रियकरालाही. भाऊ असेल तर ‘दादा’ लिहून मोकळं व्हावं. प्रियकराला ‘दादा’ म्हटलं तर मालिका तिथेच संपली. तिथे त्याचं नाव घ्यावं, किंवा वाक्य ‘अरे’ने सुरू करावं. त्यामानाने ‘ऊन्नी’ सोपी: सरळ ‘ताई’.

तू-तुम्ही हा झाला एक चौकोन. ‘वी’चे दोन आहेत. ‘वी आर लीव्हिंग टुनाइट’ याचं ‘आम्ही आज रात्री निघतोय’ केलं तर समोरचा माणूस मागे राहतो, ‘आपण आज रात्री निघतोय’ केलं तर तो बरोबर निघतो. पुढच्या भागात तो विमानतळावर दिसणार आहे की पोलीस चौकीत, हे माहीत असल्याशिवाय हे वाक्य लिहिताच येत नाही. ‘कझिन’चं कुळ शोधावं लागतं: मावसभाऊ, मामेभाऊ, आतेबहीण, चुलतबहीण. ‘अंकल’ काका की मामा, हे आईच्या माहेरचा उल्लेख सापडेपर्यंत लटकत राहतं. आणि ‘आय ॲम टायर्ड’ म्हणणारा आवाज दाराआडून आला असेल तर ‘दमलो’ की ‘दमले’? सगळ्यात वाईट रहस्यकथा. खुनी बाई आहे हे आठव्या भागात उघड होणार असतं आणि पहिल्याच भागात इंग्रजी वाक्य येतं, ‘द किलर केम ॲट नाइट’. ‘खुनी रात्री आला’ लिहिलं तर प्रेक्षकाशी खोटं बोललो, ‘आली’ लिहिलं तर सगळंच सांगून बसलो. मग ‘खून रात्री झालाय’ असं वळण घ्यायचं. यावर एकच उपाय: शेवटचा भाग बघितल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही. पण भाग येतात ते दोन-दोन करून, आणि पहिल्या दोनांची तारीख शेवटचे दोन यायच्या आत उलटून गेलेली असते. अशा वेळी ग्राहकाला लेखी प्रश्न पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ पिवळी ठेवावी. पिवळी ओळ तशीच पुढे गेली तर मात्र दोष कोऑर्डिनेटरचा.

आता सबटायटलचं मोजमाप. साधारण नियम असे: एका वेळी दोन ओळी, ओळीत ४२ अक्षरं, पडद्यावर किमान पाच-षष्ठांश सेकंद (सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने २० फ्रेम), जास्तीत जास्त ७ सेकंद, दोन सबटायटल्समध्ये किमान २ फ्रेमचं अंतर. वाचनाच्या वेगाची मर्यादा ग्राहकागणिक बदलते. समजा सेकंदाला १७ अक्षरं आहे. इंग्रजीत ‘आय टोल्ड यू लास्ट नाइट’ हे वाक्य रोमन लिपीत जागा आणि पूर्णविराम धरून २२ अक्षरांचं आहे, म्हणजे १.३ सेकंदांत बसतं. मराठीत ‘मी तुला काल रात्रीच सांगितलं होतं ना?’ डोळ्यांनी मोजलं तर जागा धरून हेही २२च भरतं. पण बरीच सॉफ्टवेअर्स काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजतात. त्या हिशोबाने हे वाक्य ३७चं होतं, त्याला २.२ सेकंद लागतात आणि ओळ लाल होते. ‘क्षत्रिय’ हा तीन अक्षरी शब्द यंत्राच्या लेखी आठचा आहे! म्हणून काम घेतानाच विचारून घ्यावं की मोजणी दिसणाऱ्या अक्षरांची आहे की युनिकोड चिन्हांची. पुढचं निम्मं भांडण वाचतं.

मोजणी चिन्हांची असेल तर कात्री आली. वरच्या वाक्याचं ‘कालच सांगितलं ना!’ झालं: १७ चिन्हं, बरोबर एक सेकंद. ‘मी तुला’ गेलं, मराठीत त्याची गरजही नव्हती. ‘रात्री’ गेली; कथेत रात्रीला महत्त्व असेल तर ‘काल’ काढून रात्र ठेवावी. कापायला नवखे लोक घाबरतात. ते सगळे शब्द ठेवतात आणि वेग २६ वर नेतात. प्रेक्षक तेवढं वाचू शकत नाही आणि नटाच्या चेहऱ्याकडेही बघू शकत नाही.

ओळ कुठे तोडायची याचा मराठीतला पहिला नियम ‘नाही’चा आहे. इंग्रजी टेम्प्लेट वाक्य दोन सबटायटल्समध्ये विभागते: ‘आय डिडन्ट किल’ पुढे ‘द मॅन यू आर टॉकिंग अबाउट’. इंग्रजीत नकार पहिल्या तुकड्यात. मराठी सरळ क्रमाने लिहिलं तर पहिल्या तुकड्यात ‘तुम्ही म्हणताय त्या माणसाला मी मारलं’ आणि दुसऱ्यात एकटं ‘नाही’. दोन सेकंद आरोपी गुन्हा कबूल करून बसतो. क्रम फिरवावा: ‘मी नाही मारलं त्याला,’ पुढे ‘तुम्ही ज्याच्याबद्दल बोलताय.’ मराठी इतकी लवचीक आहे हे नशीब.

लिपीचे दोष वेगळे, आणि ते शेवटी सापडतात, कारण अनुवादकाच्या संगणकावर सगळं नीट दिसतं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ घ्या. पहिला शब्द डोंगरातला, दुसरा समुद्र. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाक होतो, ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन. हा अर्धा रकार टाइप करायच्या दोन पद्धती आहेत: एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह कुठेतरी गळतं आणि दऱ्यांचा दर्या होतो. शोधायला गेलं तर एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने सापडत नाही. त्यामुळे पूर्ण फाइल ऱ-च्या पद्धतीवर आणून घेणं बरं. ॲचंही तसंच, काही जण अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडतात आणि जुन्या टीव्हीवर चंद्र बाजूला पडलेला दिसतो. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून रूपांतर करून आलेला असेल तर जोडाक्षरं एकेक करून तपासावीत, नमुन्यादाखल नव्हे. फाइलवर भाषेचा संकेत ‘एमआर’ आहे की ‘एचआय’ हेही बघावं. ‘एचआय’ राहिला तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. आणि हिंदी फाइलवरून मराठी केली असेल तर वाक्याच्या शेवटी उभा दंड राहिलेला असतो. आपल्याकडे पूर्णविराम.

हिंदीवरून करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण हिंदी डबचं स्क्रिप्ट तयार असतं, ओठांनाही बसवलेलं असतं. पण त्यातून येणारी मराठी लगेच ओळखू येते. ‘माझी मदत कर’ हे पहिलं लक्षण. मग ‘शिक्षा’ मिळवायला मुलगा शहरात जातो (हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड), घटनेत ‘संशोधन’ होतं (हिंदीत दुरुस्ती, आपल्याकडे प्रयोगशाळेतलं काम), आणि डॉक्टर रुग्णाला वाचवायची ‘चेष्टा’ करतात. शेवटच्या वाक्यावर स्टुडिओत हशा पिकतो, पण ते पाच जणांच्या नजरेखालून गेलेलं असतं. ‘केले’ की ‘केलं’ हा वाद मात्र फुकटचा आहे. पात्राच्या तोंडी ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी बोलीतली रूपं लिहायला साहित्य महामंडळाच्या नियमांतही मुभा आहे. निवेदनाला ‘केले’, संवादाला ‘केलं’, आणि एका मालिकेत दोन्हींची सरमिसळ नाही, एवढं पुरतं.

डबिंगचं लेखन हा वेगळा धंदा आहे. सबटायटल चांगलं लिहिणारा माणूस इथे अडखळतो, कारण इथे मोजायचे ते ओठ. प, फ, ब, भ, म या आवाजांना ओठ मिटतात आणि जवळच्या दृश्यात ते दिसतं. बाकी आवाजांना थोडं इकडेतिकडे चालतं. ‘स्टॉप! डोन्ट मूव्ह!’ घ्या. ‘स्टॉप’च्या शेवटी ओठ मिटतात, ‘थांब’च्याही; हे देवानेच जुळवलंय. ‘डोन्ट मूव्ह’ला दुसऱ्या उच्चारखंडावर (सिलॅबलवर), म्हणजे म-वर, ओठ मिटतात. ‘जागेवरून हलू नकोस’ अर्थाने बरोबर आहे, पण लांबी तिपटीहून जास्त आणि ओठ एकदाही मिटत नाहीत. ‘खबरदार!’ बसतं: ब दुसऱ्या उच्चारखंडावर, आणि हुकमाचा जोरही आला. अशा एका शब्दासाठी पंधरा मिनिटं गेली तर ती कारणी लागली असं मानावं. ‘पापा’ला ‘बाबा’ आयता मिळतो. ‘मॉम’ला ‘आई’ मिळत नाही, कारण आईत ओठ मिटतच नाहीत. पाठमोरी आकृती असेल तर ‘आई’ ठेवावं, चेहरा पडदाभर असेल तर ‘मम्मा’, आणि कुठल्या घराला ‘मम्मा’ शोभेल हे पुन्हा त्या तक्त्यावरूनच ठरतं.

लेखक आपल्या कागदावर पूर्ण शब्द लिहितो, ‘तू कुठे चालला आहेस’. माइकसमोर कलाकार म्हणतो ‘कुठे चाललायस’, कारण तोंडात तेच येतं आणि मूळ संवादाच्या लांबीतही तेच बसतं. म्हणून कागदावरही तसंच लिहावं. शिवाय श्वास, हुंदका, गिळणं, मान वळवताना निघणारा ‘हं’ हे सगळं टाइमकोडसकट लिहून ठेवावं. तपासणीतून परत येणाऱ्या नोंदींत ‘श्वास नाही’, ‘रिॲक्शन नाही’ या नोंदी कायम वर असतात. मूळ नटाचा आवाज काढला की त्याच्या संवादांमधले श्वासही जातात आणि चेहरा मुका हलत राहतो.

रेकॉर्डिंगला कलाकार एकेकटा येतो. समोर मॉनिटर, कानात मूळ आवाज (त्याला पायलट म्हणतात), काचेपलीकडे दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घेतला जातो. मराठी कलाकारांच्या शनिवार-रविवारवर नाटकाच्या प्रयोगांचा आधी हक्क असतो, रोजचे दिवस मालिकांच्या शूटिंगला जातात. त्यामुळे तारखा लावताना प्रमुख आवाजांची सकाळ आधी धरून ठेवावी. किंकाळ्या, मारामारी, रडारड सत्राच्या शेवटी. आधी घेतली तर पुढचे दोन तास घसा बसलेला. माइकपाशी बांगड्या आणि सळसळणारे कपडे नकोत. आणि उपाशीपोटी येऊ नये, पोटातली गुडगुड माइक नेमकी पकडतो. मोठ्या चित्रपटाची प्रत आली तर चेहऱ्याशिवाय बाकी पडदा काळा करून दिलेला असतो, वर स्टुडिओच्या नावाचं वॉटरमार्क. फोन बाहेर, पेन ड्राइव्ह बंद. प्रती बाहेर फुटू नयेत म्हणून २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रस्टेड पार्टनर नेटवर्क’च्या सुरक्षा-तपासणीत हेच पाहिलं जातं. तक्रार एवढीच की कलाकार कोणाशी बोलतोय हेही त्या काळ्या पडद्यात जातं, आणि मग तू की तुम्ही हे विचारायला माणूस काचेकडे बघतो.

मिक्सिंगला संगीत आणि ध्वनीचा वेगळा ट्रॅक लागतो, ‘एम अँड ई’. तो पूर्ण असेल तर काम सरळ. जुन्या मालिकांत पावलं, दार, कपाचा खणखणाट मूळ संवादाच्या ट्रॅकवरच राहिलेला असतो. संवाद काढला की कप मुका होतो. ते आवाज नव्याने करावे लागतात आणि ते अंदाजपत्रकात नसतं. म्हणून ‘एम अँड ई’ ऐकूनच होकार द्यावा. आवाजाची पातळी हाही करारातलाच भाग: नेटफ्लिक्ससारख्या स्ट्रीमिंगला संवादावर मोजून उणे २७, दोन वर-खाली, युरोपच्या टीव्ही मानकाला उणे २३ (आकडे एलयूएफएस या आवाजाच्या मापात). एकासाठी केलेलं मिक्स दुसऱ्याला पाठवलं की हमखास परत येतं.

टाइमकोडच्या चुका मोठ्या दिसतात, पण सोप्या असतात. सगळी सबटायटल्स बरोबर एक तास सरकली असतील तर मास्टर ०१:००:००:०० पासून सुरू होतो आणि फाइल शून्यापासून, एवढंच. सुरुवात जुळते आणि शेवटाकडे अंतर वाढत जातं, तर फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) चुकला: २४ फ्रेमचा एक तास २५ वर चालवला की ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास घसरण असेल तर २९.९७च्या ड्रॉप-फ्रेमचा घोळ. त्यात तासाला १०८ फ्रेमचे आकडे गाळले जातात, म्हणजे ३.६ सेकंद. आणि एखाद्या प्रसंगापासून पुढचं सगळं अर्धा सेकंद पुढे असेल तर ग्राहकाने संकलन बदललं आणि सांगितलं नाही. मग नव्या प्रतीवर सगळं पुन्हा बसवणं आलं. याचे पैसे मागावेत.

पडद्यावरचा मजकूर, पाट्या, मोबाइलवरचे मेसेज ही डबमध्ये विसरली जाणारी गोष्ट. त्यांच्यासाठी वेगळी फाइल लागते. तंबाखूचा इशाराही त्यातलाच. ओटीटीसाठी १ सप्टेंबर २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो कार्यक्रमाच्या भाषेत हवा. मराठी आवाजावर इंग्रजी इशारा चालत नाही.

दर कार्यक्रमाच्या मिनिटावर मिळतो, कामाच्या मिनिटावर नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या बडबड्या भागात पाच-सातशे सबटायटल्स असतात आणि नीट करायला अनुभवी माणसाचा पूर्ण दिवस जातो. हल्ली बरीच कामं यंत्राने केलेलं मराठी सुधारायला येतात आणि दर त्या मानाने खाली येतो. यंत्राची शब्दसंपत्ती बरी आहे. पण ते प्रत्येक ओळ सुटी वाचतं, त्यामुळे एकाच प्रसंगात बायको नवऱ्याला आधी ‘तुम्ही बसा’ म्हणते, मग ‘तू जेवलास का’, आणि तिसऱ्या ओळीत स्वतःच ‘मी थकलो’. हे सुधारायला पुन्हा पूर्ण प्रसंग बघावा लागतो. वाचतो तो टायपिंगचा वेळ, आणि तो मुळातच सगळ्यात कमी होता. अशा कामाचं अंदाजपत्रक देताना तक्ता, नावांची यादी आणि शेवटचे भाग बघण्याचे तास वेगळ्या ओळीत लिहावेत. काही ग्राहक ती ओळ खोडतात, पण काही देतातही.